स्टुलाचं इतिवृत्त

रविवार. खारीवाव रोडच्या मागे, प्रधानांचं गॅरेज.
फियाट विकली त्याला अकरा वर्षं झाली,
तेलाचा डाग मात्र अजून जागा अडवून बसलाय,
वर्गणी न भरता.
हजर आठ. गैरहजर कोतवाल:
मेव्हण्याचं लग्न. हा मेव्हणा कितवा, विचारलं नाही.
मी सचिव. मला रंधा धरता येत नाही,
अक्षर बरं म्हणून निवडून आले.

विषय पहिला आणि शेवटचा: स्टूल.

दलसुखभाईंचे गुडघे गेले.
चाळीस वर्षं उकिडवं बसून
अख्ख्या बडोद्याची कपाटं केली,
आता आम्हाला शिकवताना भिंतीला टेकतात
आणि भिंतीला ओल.
तर त्यांच्यासाठी, त्यांना न विचारता.
साग. कारखानीसबाईंच्या जुन्या दवाखान्याचं दार,
एका फळीवर 'चपला बाहेर काढा'मधलं
'बाहेर' तेवढं उरलेलं.

महिनाभर चाललं.
कुसं शिर्क्यांनी काढली.
प्रतापनगरला बत्तीस वर्षं लोखंड तासलेला हात,
लाकडाशी जरा दबकूनच बोलत होता.
भोकं मृण्मयीने पाडली, पटाशीने, एकटीने.
बारावीत आहे. घरी सांगितलंय, फिजिक्सचा क्लास.
मग सरस, सुतळीचा पीळ, रात्रभर.
सकाळी उभं केलं
तर हललं.

टक्, इकडे.

टक्, तिकडे.

शिर्के म्हणाले, मागचा उजवा मोठा आहे. कापला.
कारखानीसबाई म्हणाल्या, छे, पुढचा डावा.
लोकांचा चावा जुळवण्यात जन्म गेलेली बाई,
तिच्यापुढे कोण बोलणार. तोही कापला.
मग प्रधान. मग मृण्मयी. मग बखारीतला इस्माईल,
उधारी मागायला आला होता, त्यानेही
उभ्याउभ्या करवत फिरवून घेतली.
प्रत्येकाचं म्हणणं एकच: केसभर.
केसभर केसभर करता करता
सेवउसळ आली तेव्हा स्टूल गुडघ्याला लागत होतं,
पाव संपले तेव्हा वीतभर.
(नोंद: या वेळात कोणी कोणाचं ऐकलं नाही.
वापरलेले शब्द लिहीत नाही.)

'दलसुखभाई, चालशे?' प्रधानांनी विचारलं.

हा शब्द ते उच्चारत नाहीत.
सात वर्षांत एकदाही नाही.
गुण्याखालून उजेडाची रेघ दिसली
की नुसते तुमच्याकडे बघतात,
आणि तुम्ही मुकाट्याने पुन्हा रंधा उचलता.

ते भिंत सोडून आले, सावकाश.
शिर्क्यांची पाण्याची बाटली उचलली
आणि स्टुलाशेजारी थोडं ओतलं.
पाणी क्षणभर थांबलं, जसं
अनोळखी माणूस नाक्यावर थांबतो,
मग भुसा पोटाशी घेत
फियाटचा डाग ओलांडून
सरळ मोरीकडे गेलं.

प्रधानांच्या वडिलांनी
गाडी धुवायला उतार काढून घेतला होता.

कोणी बोललं नाही.
मृण्मयी खाली वाकून पायांच्या चकत्या गोळा करत होती,
कंपासपेटीत टाकत होती.
एकवीस भरल्या. मी मोजल्या,
मोजणं माझं काम.

मग त्यांनी जाड फळीवर स्टूल ठेवलं,
पेन्सिलीने चार रेघा मारल्या, चारच वेळा कापलं.
उरले ते पाय बोटभर.
स्टुलाचा पाट झाला.
आणि भिंतीला धरत, कण्हत, एक गुडघा, मग दुसरा,
ते त्यावर बसले.
डॉक्टरांनी नेमकं जे करू नका सांगितलंय, ते.
हललं नाही.
आमच्याकडे खालून वर बघत म्हणाले,
'अहींथी बधाना हाथ देखाय छे.
चालशे.'

उठवायला शिर्के आणि इस्माईल लागले.
दर अर्ध्या तासाने दोघांनी उठवायचं, एकमताने ठरलं;
पाळ्यांचा कागद करवतीच्या खिळ्याला लावला आहे.
कोतवालांचं नाव सर्वांत वर टाकलं.
फरशीचा विषय निघाला नाही.