माप

शनिवार पेठेत, पिठाच्या गिरणीला लागून
माझं ब्लाउजचं दुकान. सव्वीस वर्षं.
टेबलाच्या खणात लाल कापडी बांधणीची वही,
वहीत अख्ख्या गल्लीच्या छात्या, कंबरा, दंड.
चौगुलेवहिनींची एक बाजू ऑपरेशनात गेली,
तिथं आतून कापसाची घडी शिवते मी,
त्यांच्या सख्ख्या जावेलाही ठाऊक नाही.
शहनाजच्या धाकटीचं माप मार्चमध्ये
अचानक सैल करावं लागलं,
तेव्हा माझ्या तोंडात टाचण्या होत्या.
टाचण्या असल्या की बोलता येत नाही,
या धंद्यातली पहिली शिकवण.

जानेवारीत माझ्याच हाताला काहीतरी लागलं.
डाव्या काखेखाली, हरभऱ्याच्या डाळीएवढं.
रात्री सगळे झोपल्यावर मोबाईलला विचारलं,
पांघरुणात, उजेड कमी करून,
ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका करत:
काखेत गाठ आहे दूखत नाही म्हणजे काय

सकाळी लेकीच्या मोबाईलवर हॉस्पिटल आलं.
रविवारी जावई आला, घरचं वायफाय घेतलं,
त्याला कॅन्सरचा विमा, पहिला हप्ता माफ.
टीव्हीवर मालिका मधेच थांबवून
एक हसरी बाई म्हणाली,
ताई, वेळेवर तपासणी करा.
तेजू म्हणाली, आई, हे काय सारखं सारखं?
मी म्हटलं, जाहिराती गं. कुणालाही येतात.
तोंडात टाचण्या नव्हत्या,
तरी टोचत होतं.

इंटरनेटवाला इंद्रजित, त्याचं ऑफिस गंगावेशीत,
दूध कट्ट्याच्या मागे.
त्याच्या बालवाडीच्या चड्ड्या मीच शिवलेल्या.
म्हणाला, काकी, फॉर्मवर बारीक अक्षरात असतंय,
तुम्हीच होय म्हटलाय.
तुम्ही काय बघताय ते वर जातंय,
वरनं जाहिरात येतीया.
तुमचं नाव नसतंय त्यात.

नाव नाही, मग घर कसं सापडलं?
तो वायरचं टोक सोलत राहिला.

म्हटलं, माझं पान दाखव.
माझ्याकडची कुठलीही बाई
आपलं पान मागते, मी दाखवते.
खोड म्हणाली तर खोडते.
वही हितं नसतीया, काकी.
कोल्हापुरात न्हाईच ती.

कोपऱ्यावरचा मेडिकलवाला अजून
पुडकं कालच्या पेपरात गुंडाळतो, वर दोरा.
त्याला कुणी सांगितलेलं नाही.

त्या रात्रीपासून मी चुकीची मापं द्यायला लागले.
ट्रॅक्टरचा मागचा टायर.
उंट एका वेळी किती पाणी पितो.
लंगोटाचं कापड, ठोक भाव.
जहाजाचा नांगर, जुना चालेल.
पुढच्या रविवारी जावई विचारतो,
आई, ट्रॅक्टर घ्यायचा विचार आहे का?
लई हसलो. मीही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.
पण टायरांच्या आणि उंटांच्या मधून
ती बाई वाट काढत येतच राहिली,
ताई, वेळेवर.
पहिलं घेतलेलं माप ते सोडत नाहीत.

सोमवारी दुकान बंद.
मोबाईल खणात ठेवला, वहीवर पालथा,
आणि चालत गेले,
गिरणीवरनं, तालमीवरनं, भाजीवाल्यांमधनं,
कुणी विचारलं तर दोरे आणायला निघालेय.

डॉक्टरीणबाई माझ्या तेजूपेक्षा थोडी मोठी असेल.
कधीपासून आहे, म्हणाली,
आणि मी तोंड उघडणार इतक्यात
थांबा, म्हणाली.
उठून आधी पडदा ओढला.

हिरवा, सुती. दोन कड्या निसटलेल्या,
भिंतीकडची बाजू वीतभर कमी पडत होती.
मी पदर काढता काढता
त्या पडद्याचं माप घेतलं.