तळहाताएवढी जागा

एकाच फळीवर तो चार वेळा आहे.
तीच लाल टोपी, तोच नावाडी.
डावीकडे दोर सोडतोय,
मग वल्हं मारतोय, पाठमोरा,
मग पैलतीरी गुडघ्यांवर, बाह्या ओल्या,
आणि पार उजवीकडे, अंगठ्याएवढा,
डोंगराची वाट चढताना.
चित्रकाराकडे लाकूड होतं दीड हात, पॉप्लरचं,
आणि सांगायचा होता अख्खा दिवस.
त्यानं नदीलाच वेळ केलं,
माणसाला टोपी घातली, हरवू नये म्हणून.

वाटसरू दोनदाच दिसतो.
अलीकडे, नावेत पाय टाकताना,
आणि पाण्यात आल्यावर नुसती बाही,
निळी, कोपरापर्यंत.
कोपराच्या पुढे चित्रच नाही.
नदीच्या मध्यावर तळहाताएवढं उघडं लाकूड,
जरासा पांढरा लेप, किड्याचं एक भोक.

चर्चची किल्ली झेलिंदाकडे असते.
चारला येते, सपाता फटफटवत,
आणि मी विचारलेलं नसताना सांगते:
बुडवला त्यानं. थैलीसाठी.
नाहीतर गुडघ्यांवर कशाला येईल माणूस?
तिचा दीर ओत्तोरिनो, बेकरीवाला, म्हणतो,
देवदूत होता तो. नावेतूनच वर गेला,
पंख झटकले, म्हणून बाह्या भिजल्या.
दीर-भावजय या एका गोष्टीवरून
अकरा वर्षं एकमेकांच्या घरी जेवलेले नाहीत.
शाळेतला नेव्हिओ म्हणाला, पोहता येत असेल त्याला.
कुणी लक्ष दिलं नाही.

मी कापसाचा बोळा तोंडात ओला करते.
आमच्या धंद्यात थुंकीला तोड नाही:
कोमट, बेताची, रंगाला न दुखवणारी.
पाचशे वर्षांची मेणबत्तीची काजळी
माझ्या थुंकीनं उतरते.
अहवालात मी हे वेगळ्या शब्दांत लिहिते.

आठव्या दिवशी दिवा आडवा धरला
आणि ओलीवरचा आळ गेला.
खड्ड्याच्या कडा गुळगुळीत होत्या,
उंबरठा झिजावा तशा. ओठांनी.
मधोमध ओरखडे. नखांचे, आडवे-तिडवे,
आणि एक चर रुंद, खोल,
नखाचा नव्हे.
कुणी मुके घेतले होते, कुणी डोळे काढले होते.
एकाच चेहऱ्याचे? दोघांपैकी कुणाच्या?
लाकूड काही बोललं नाही.
गोष्ट ऐकणाऱ्यांनीच
गोष्टीचा गाभा खाऊन टाकला होता.

कचेरीतून पत्र आलं: जागा भरावी,
नदी सलग दिसावी.

मग रेघा. उभ्या, केसाएवढ्या,
हिरवी, राखाडी, हिरवी, मध्येच तांबूस.
दहा पावलांवरून पाणी,
जवळ आलं की नुसत्या रेघा.
डोळ्याला खुपू द्यायचं नाही
आणि डोळ्याला फसवायचंही नाही,
एवढंच शिकवलं मला, सहा वर्षं.

एका रात्री मात्र ब्रश थांबला.
पाण्याबाहेर एक हात काढावा, वाटलं.
तीन फटकारे पुरले असते.
बोटं मिटलेली काढली तर बुडणारा,
पसरली तर निरोप घेणारा,
आणि ओत्तोरिनो, झेलिंदा, एका टेबलावर
किंवा कधीच नाही.
ब्रशाचं टोक ओलं होतं.
मी ते वाळू दिलं.

शेवटच्या दिवशी झेलिंदानं चष्मा लावला,
दोरीला बांधलेला,
आणि नाक फळीला लागेल इतकी वाकली.
हात लावू नका, मी म्हणाले.
ती रेघा बघत राहिली, बराच वेळ,
जशी बाजारात तागडीचा काटा बघते.
म्हणजे तुलाही माहीत नाही.
नाही, मी म्हणाले.

समाधानानं मान हलवली तिनं.
मग बुडवलाच, म्हणाली,
आणि दाराला किल्ली लावली,
जुनी, वीतभर लांब,
टोकाला एकच रुंद दात असलेली.