तिठे

ऐनपूरच्या खाली, हतनूरचा फुगवटा ओसरला की
तापीचा गाळ उघडा पडतो.
मी पोचते तेव्हा सकाळचे साडेसहा.
चार खुंट्या, सुतळीची मीटरभर चौकट,
वर बांबूला उलटा टांगलेला मोबाईल.
चौकटीत भेगा.
मोजायचं एवढंच,
कोण कुणाला कुठल्या कोनात भेटलं.

खुंट्या सुकलाल भोई ठोकून देतो.
मूळचा सारंगखेड्याचा. जाळी सध्या घडी करून ठेवलीयत.
"भेगा मोजीसन काय भेटी, ताई?"
पेपर, मी म्हणते.
"परीक्षाना?"
नाही, छापायचा.
तो तंबाखू या गालातून त्या गालात नेतो
आणि पुढची खुंटी धरतो.

पहिली भेग सरळ जाते, तिच्या वाटेत कुणी नसतंच.
मागून आलेली तिला काटकोनात टेकते
आणि थांबते, थोरलीपुढे धाकटी थांबावी तशी.
म्हणून नव्या गाळात सगळे काटकोन,
बिनशेती प्लॉटांच्या नकाशासारखे.
मग पाणी येतं. सगळं बुजतं.
पुढच्या मे महिन्यात भेग तिथेच उघडते,
म्हणजे जवळजवळ तिथेच,
आणि या खेपेला धाकटी आधी, थोरली नंतर.
कोपरा केसभर सरकतो.
असं पुष्कळदा भिजून, पुष्कळदा सुकून
कुणी थोरलं उरत नाही.
तिघी सारख्याच कोनात भेटतात,
एकशेवीस, एकशेवीस, एकशेवीस.
तिठा.
मी चारच उन्हाळे पाहिलेत.
बाकीचे समीकरणात आहेत.

रात्री भुसावळला, यार्डात डबे एकमेकांवर आदळत असताना
झोपे मॅडमचा मेल: हाच प्रोग्रॅम यावर चालवून बघ.
फाईल उघडते. आकाशगंगांचा नकाशा.
मधे थोरल्या पोकळ्या, काठाकाठाने उजेडाच्या भिंती,
भिंती मिळतात तिथे गर्दी.
क्षणभर मला ऐनपूरच दिसतं.
खुर्चीतून उठते, माठातलं पाणी पिते,
आणि स्वतःला आवरते.
तिथे काही सुकत नाही.
तिथे पोकळी फुगते म्हणून काठ दाटतो,
इथे गाळ आकसतो म्हणून काठ फाटतो.
अगदी उलटी गोष्ट.
दोन नकाशे सारखे दिसतात
यातून एवढंच कळतं, की ते सारखे दिसतात.
मॅडमना तसंच लिहिते.
मिनिटात उत्तर: बरोबर. आता कोन मोज.

मोजत जाते.
गाळाची एक हजार एकशे सतरावी नोंद:
तुकडे बारीक, भेगा खोल, जवळजवळ सगळे तिठे,
एकशेअठरा, एकशेवीस, एकशेबावीस.
इतका देखणा आकडा सबंध उन्हाळ्यात नव्हता.
पंखा बंद करून फोटो मोठा करते.
चौकटीच्या कडेला, सुतळीच्या आत,
सुकलालची टाच.

नियम स्पष्ट आहे. अशी नोंद काढून टाकायची.
काढली.
मग वहीच्या शेवटच्या पानावर, जिथे रिक्षाचा हिशेब असतो,
पेन्सिलीने ते तीन कोन लिहून ठेवले.

शेवटच्या दिवशी तो विचारतो, खुंट्या काढू का?
राहू दे, पुढच्या वर्षी हीच जागा हवी.
"पानी उनं का वाही जातीस."
जाऊ देत. चारातली एक राहिली तरी बाकीच्या तीन सापडतील,
गणितच आहे ते.
तो माझ्याकडे बघतो, मग पाण्याकडे,
जे अजून पार पलीकडे आहे.
वाकून दगड उचलतो
आणि चारही खुंट्या
आणखी वीतभर खाली घालतो.