ठेवायची गाडी

तुर्भ्याच्या एमआयडीसीत, ज्या गाळ्याच्या पाटीवरचा
‘ऑ’ उडालाय आणि नुसतं ‘टो वर्क्स’ उरलंय,
तिथे रविवारी अर्धं शटर वर असतं.
ऋत्विज दातार वाकून आत येतो,
घणसोलीचा, पंचविशीतला, हातात तक्ता.
मढवीकाका, तीस वर्षांनी सोनं होईल
अशी कुठली घेऊन ठेवू?

मी आधी हात पुसतो.
हात पुसल्याने उत्तर येतं असं नाही,
वेळ मिळतो.

हे बघ, म्हणतो, पांढरी घेऊ नकोस,
पांढऱ्या सगळ्यांकडेच आहेत.
शोरूमवाल्याने सूट देऊन खपवला
तो शिळ्या पिठल्यासारखा पिवळा,
किंवा तो जांभळा, ज्याला घरचे नको म्हणाले, तो घे.
फसलेली घे. जिची जाहिरात वर्षभरात बंद पडली,
जिची कंपनीच गाशा गुंडाळून गेली,
जिचा आरसा मागितला तर दुकानदार हसतो.
तीन पेडलची घे. क्लच म्हणजे काय
हे तुझ्या मुलीला पायाने कळू दे.
आणि किल्ली हवी. फिरवायची, दातांची.

तो लिहून घेतो.
लिहून घेणाऱ्याची मला भीती वाटते.

बॅटरीवाल्या?
पत्रा टिकेल रे त्यांचा. पण गोष्टीतल्या राक्षसासारखा
जीव पोपटात, आणि पोपट सातासमुद्रापलीकडे
कुणाच्या तरी सर्व्हरच्या पिंजऱ्यात.
ज्या दिवशी पिंजऱ्याचं भाडं थकेल
त्या दिवशी तुझी गाडी म्हणजे
दार न उघडणारं काचेचं कपाट.

आणि इथे खाडी आहे, विसरू नकोस.
कोपरखैरण्यात उघड्यावर लावलेली गाडी
खारा वारा खालून खात जातो.
वरून पॉलिश, आत चाळण.
पहिले पैसे छपराला घाल.

मग मी तक्त्यात न बसणारं सांगतो.
अठ्ठ्याण्णव की नव्याण्णव, डॉक्टर सिक्वेरांनी विचारलं होतं,
जयदास, हिचं काय करू?
लांबोडकी, मरून, कॉन्टेसा.
मीच म्हणालो, पेट्रोल पिते, काढून टाका.
किलोवर गेली.
परवा तसलीच एक पाम बीचवरून चालली होती,
मागे चार मोटरसायकली, मोबाइल वर धरून.
डॉक्टर आता नाहीत. असते तर फोन लावला असता
आणि काही बोललो नसतो.

एवढं ऐकूनही त्याची नजर कोपऱ्यात जाते.
ताडपत्रीखाली चारुशीलाबाईंची इंडिका आहे.
डिझेल, बिस्किटी, एमएच त्रेचाळीस.
तिच्या बहिणी टॅक्सीत गेल्या, रात्री-अपरात्री विमानतळाला,
झिजल्या, भंगारात वजन भरून मोकळ्या झाल्या.
एवढ्या होत्या की एकही जपावी असं कुणाला वाटलं नाही.
ही चाळीस हजार किलोमीटरवर थांबली आहे.

बाई महिन्यातून एकदा बेलापूरहून येतात, रिक्षाने.
त्यांना चालवता येत नाही. मी इंजिन सुरू करतो,
त्या डावीकडे बसतात, पट्टा लावून,
दहा मिनिटं आवाज ऐकतात, मग म्हणतात, बंद करा.
उजवी सीट अगदी मागे आहे,
उंच माणसाच्या पायांना लागेल तेवढी.
मला क्लच अंगठ्याच्या टोकाने दाबावा लागतो.
सीट पुढे घ्यायची नाही, असं ठरलेलं नाही,
पण घेत नाही.

ऋत्विज ताडपत्री उचलतो, बोटांवर काही गुणतो.
हिला किती येतील, काका?
आज? कुणी दिले तर तीस हजार.
आणि तीस वर्षांनी?

मला माहीत आहे ते एवढंच
की हिचं ब्रेक ऑइल बदलायला झालंय.

तो दार उघडून आत बसतो.
त्याचे पाय बरोबर पोचतात.
मी म्हणतो, उतर.