फक्कीची रेघ

"कागद राहू द्या," खाजामियाँ म्हणाले,
"बाई, तुम्ही नुसतं चाला.
पहाटे उठल्यापासनं."

जालन्यात, चंदनझिऱ्याच्या मागं,
वीस बाय तीसच्या मोकळ्या प्लॉटवर
मी उठले. उशाशी चष्मा चाचपला.
सात पावलांवर मोरी.
मागं मिस्त्री, हातात फक्कीचं टोपलं.

नळ दहाव्या दिवशी येतो, तोही रात्री दोनला,
म्हणून टाकी दारापाशीच. पाइप जाईल एवढं भोक.
ओटा जरा बुटका; मी काही उंच नाही.
मिक्सर आणि ह्यांची झोप
यांच्यामध्ये एक अख्खी खोली पाहिजे.
रोलिंग मिलची रात्रपाळी,
उजेडानं डोळे चुरचुरतात.
तिकडं खिडकी नको.

मग कुठंतरी मी उगीच थांबले.
"इथं काय?"
मला सांगता येईना.
त्यांनी तेवढी जागा सोडून रेघ वळवली.

आठ वाजता हे आले, हातात डबा,
भुवयांवर लोखंडाची पूड,
सरळ स्वयंपाकघराच्या भिंतीतून आत.
"अहो, दार इकडं!"

हे थबकले. मागं फिरले.
वळसा घालून आले,
रेघेबाहेर चपला काढल्या.