भिडेखातर

हर्णैला बदली झाली तेव्हा
खिडकी लावूनच ठेवायचे मी.
बाहेर वाळत घातलेली सुकट,
आत नाकाला पदर.

मग रोज झोपताना पुटपुटायचे,
स्वतःलाच चकवल्यासारखं:
हा वास नाही, हे मीठ आहे,
मीठ तर मला आवडतं.
शिमगा आला, गेला. मग एका बुधवारी
हलीमाकडून पावशेर घेतली,
कांद्यावर परतली.

आता गुडघा.
डॉक्टर दापोलीला, एसटी साडेदहाची.
तोवर पाय उशीवर घेऊन म्हणते,
ओहोटी लागली, ओहोटी लागली.
दुखणं उतरतं थोडं
वाटीपासून पोटरीपर्यंत,
मागे ओला चिखल ठेवून.

खोटं बोलतेय, हे गुडघ्याला ठाऊक आहे.
नाकालाही होतं.
ऐकतात दोघं,
भिडेखातर.