विषयांतर

साहेब म्हणाले, मुद्द्याचं तेवढं घ्या.
मी टाइप केलं : पाशीबाई दामा मढवी, राहणार करावे.
प्रश्न : शेताची हद्द कुठवर होती?

"आमचे नणंदेचे हलदीला म्हस सुटली," ती म्हणाली.
मग हळदीला कोण रुसलं,
निवट्यांचं कालवण कसं पुरलं नाही.
मी बोटं उचलून बसलो.
बेलापूरच्या त्या खोलीत एसी बादलीत ठिबकत होता.

शाळेत याच शब्दाने माझे दोन गुण खाल्ले होते.
निबंध नदीवर, मी गेलो मामाच्या चपलेवर;
चप्पल नदीतच वाहून गेली,
ते लिहायच्या आत घंटा झाली.

"...तं म्हस उंबराखालून निंगाली, बांधाबांधानं,
उघाडीपाशी चिखलान बसली.
तिचे फुडं पाटलाचं."

मी टाइप केलं : हद्द सांगता येत नाही.
अंगठा घेतला. शाई पुसायला कापूस दिला.

मोजणीवाले आले तेव्हा उंबर नव्हता,
उघाडीच्या जागी सेक्टरचा नंबर होता.
फाइल मीच शोधून दिली. दोन ओळींचा जबाब.

म्हशीचं नाव चांदरी.
तेही तिने सांगितलं होतं,
मी विचारलं नसताना.